मौल्यवान भेट : ख्रिस्ती श्रद्धेतील दानाचा अर्थ



नाताळ जवळ आला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलांची एकच चर्चा सुरू होते, "तुला काय मिळालं? केवढ्याचं?" ज्याच्या घरी काही आणता आलं नाही ते मूल गप्प बसतं. म्हणून हा पाठ नाताळच्या आधीच घ्यावा असं मला वाटतं.

मागी लोकांच्या भेटी

मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करतात. ते तिघे होते असं आपण सांगतो, पण मत्तयाने संख्या दिलेली नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली गेली. परंपरेने लावलेला अर्थ असा : सोने राजासाठी, ऊद देवाच्या आराधनेसाठी आणि गंधरस मरणासाठी, कारण प्रेताला तो लावत असत. म्हणजे या बाळाला आपण कोण मानतो, हे ती भेट सांगते.

किंमत कशी मोजायची?

इथे दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिकवा. बेथानीच्या मरीयेने जटामांसीचे सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतले. जटामांसी ही आपल्या हिमालयातली वनस्पती! त्या तेलाची किंमत तीनशे दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. मुलांना आजच्या रोजाने हिशेब करायला लावा. दुसरीकडे मंदिरातली गरीब विधवा. तिने टाकली फक्त दोन नाणी, अगदी कमी मोलाची. तरी येशू म्हणतो, सर्वांपेक्षा हिनेच जास्त टाकले, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिले आणि हिने होते नव्हते ते सगळे.

एक भेट वर्षभराच्या मजुरीएवढी, दुसरी जवळजवळ शून्य. येशूने दोन्हींचा मान राखला. दोघींनीही हातचं राखून दिलं नाही, हेच त्यांच्यातलं साम्य.

आपल्या नगरचे उदाहरण

सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईला आल्या, तेव्हा त्यांचं वय ३२ होतं. १८३९ पासून त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली इथेच त्यांचं निधन झालं. मुलीला शिकवणं हाच चेष्टेचा विषय होता तो काळ. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचं शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं. सोनं नाही, ऊद नाही. एका बाईने आपलं आयुष्य दिलं. आज वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलीपर्यंत त्या देण्याचा काही अंश पोचलेला आहे.

वर्गात विचारायचे प्रश्न

१. विधवेच्या दोन नाण्यांना येशूने जास्त का म्हटले?
२. पैसे न लागणारी, पण देताना आपल्याला जड जाईल अशी भेट कोणती? (वेळ, क्षमा, खेळातली आपली पाळी.)
३. ती या आठवड्यात तुम्ही कोणाला द्याल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका. दान गुप्तपणे करावे, ही येशूचीच शिकवण आहे. आणि पालकहो, यंदा मुलाला "काय मिळालं?" असं विचारण्याआधी "तू काय दिलंस?" हे एकदा विचारून पाहा.