पाचारण आणि पात्रता



तुझे पत्र पोचले. नवे पाळक नेमले जाईपर्यंत रविवारची उपासना चालवण्याचे आणि आजाऱ्यांच्या भेटीगाठींचे काम तुझ्याकडे द्यावे असा ठराव तुमच्या मंडळीने केला, आणि त्यावर ईश्वरविज्ञानाचे शिक्षण नाही, चारचौघांत जीभ अडखळते, वयानेही आपण लहान, अशी आपल्या अपात्रतेची कैफियत तू मला लिहून पाठवलीस. तीत खोटे असे काहीच नाही, म्हणून तिचे खंडन करण्याच्या भरीस मी पडत नाही. तू स्वतःस समजतोस त्याहून थोर आहेस असे सांगून तुला धीर देणे सोपे होते. परंतु होरेब डोंगरापाशी देवाने मोशेला तसला धीर दिला नाही, आणि त्याचे कारण तू लक्षात घ्यावेस अशी माझी फार इच्छा आहे.

निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय सलग वाच. सासऱ्याची मेंढरे राखणाऱ्या त्या मनुष्याला फारोच्या दरबारी जाण्याचा हुकूम होतो, आणि तो एकामागून एक हरकती पुढे करतो: मी असा कोण, तुझे नाव विचारले तर काय सांगू, लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, मी बोलण्यात मंद आहे. यांपैकी पहिलीला मिळालेले उत्तर पाहा. तू अमुक गुणांचा आहेस, राजवाड्यात वाढला आहेस, मिसरी रीतिरिवाज तुला ठाऊक आहेत, यांतले काहीही देव म्हणत नाही, जरी ते सारे खरे होते. मोशे कोण आहे हा प्रश्न जणू कानाआड करून, मी तुझ्याबरोबर असेन एवढेच तो सांगतो. जिभेच्या तक्रारीवरही जीभ तत्काळ मोकळी झाल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. मुख ज्याने निर्माण केले तोच काय बोलावे ते शिकवील, असे आश्वासन मात्र आहे. या चारही हरकती देवाने शांतपणे ऐकून घेतल्या. त्याचा कोप झाला तो पाचव्या वेळी, जेव्हा मोशेने कारण देणेच सोडले आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठव अशी विनंती केली. आणि त्या कोपातसुद्धा त्याने अहरोनाची तजवीज केलीच. आपल्या उणेपणाची जाणीव देवाला खुपत नाही, तिच्या आडून काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणे मात्र खुपते, असा अर्थ मी यातून घेतो, आणि तुझ्या पत्रातील शेवटच्या परिच्छेदाची मला काळजी वाटते ती याच कारणाने.

आणखी एक गोष्ट, जी प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते. याच मोशेने तरुणपणी कोणी पाठवले नसता आपल्या बांधवांचा कैवार घेतला होता. तेव्हा त्याला पात्रतेची शंका आली नाही, आणि त्या आत्मविश्वासाचे फळ म्हणजे वाळूत पुरलेले एका मिसऱ्याचे प्रेत व मिद्यान देशाला पलायन. फारोपुढे तो उभा राहिला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. मधल्या दीर्घ काळाने त्याचा जो ताठा उतरवला, तो उतरल्याशिवाय ते काम त्याच्या हाती देण्याजोगे नव्हते असे मी मानतो.

आपल्या नगर जिल्ह्याशी ज्यांचे नाव जडले आहे त्या लक्ष्मीबाई टिळकांचेही स्मरण ठेव. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीकडून. 1919 साली रेव्हरंड टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ आरंभीच थांबले होते, आणि त्या काळच्या विद्वत्तेच्या कोणत्याही कसोटीने पाहता ते पुढे नेण्याची सनद या विधवेपाशी नव्हती. तरी त्या काव्याचा फार मोठा भाग त्यांच्याच हातून पुरा झाला.

तथापि प्रत्येक विनंती म्हणजे देवाचे पाचारण नव्हे, हेही मी तुला स्पष्ट सांगतो. मानमरातबाची ओढ तुला या कामाकडे नेत असती तर मीच तुला अडवले असते. परंतु येथे तू काही मागितलेले नाहीस, गरज खरी आहे, आणि तुला बालपणापासून ओळखणाऱ्या मंडळीने विचारपूर्वक तुझे नाव घेतले आहे. अशा ठिकाणी आणखी चिन्ह मागत बसू नये.

आता व्यवहाराचे. पहिले काही रविवार प्रवचन लिहून काढ आणि ते वाचून दाखव. त्यात लाज नाही. प्रार्थना वडील मंडळींपैकी कोणाला चालवू दे, म्हणजे तुझा अहरोन तुला तिथेच सापडेल. आजाऱ्यांकडे मात्र स्वतः जा, कारण तिथे वक्तृत्व लागत नाही आणि लोक तुला ओळखतात. शास्त्रावरील माझी जुनी टीकापुस्तके पुढच्या आठवड्यात येणाऱ्या गाडीवानाबरोबर पाठवतो. समासात माझी टिपणे आहेत, पटतील ती घे. पंचांना होकार लेखी दे, आणि कोणत्या तारखेपासून काम हाती घेतोस ते मला कळव. त्या उपासनेला मी येणार आहे.

तुझा,
मामा