स्वतःचं गाणं बाजारात आणताय? आधी हा हिशेब बघा

बदलीनिमित्त बख्शी का तालाबला राहताय, घरात कुणीतरी छान गातंय आणि स्वतःचं मराठी गाणं स्पॉटिफाय, यूट्यूबवर आणायचंय? त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही आणि ‘लाँच करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही द्यायची गरज नाही.

घरी रेकॉर्डिंग करायचं तर रात्र निवडा, दिवसा सीतापूर रस्त्याचे हॉर्न गाण्यात शिरतात. स्टुडिओ हवा असेल तर लखनौ शहर साधारण 20 किलोमीटरवर आहे. वादकांसाठी कैसरबागेतल्या भातखंडे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करा. (विष्णू नारायण भातखंड्यांच्या पुढाकारानं 1926 साली सुरू झालेली ही संस्था, मराठी माणसानं तिथं बुजायचं कारण नाही.)

स्टुडिओत ‘तासाचे किती?’ एवढंच विचारून थांबू नका. मिक्सिंग आणि मास्टरिंग त्यातच का? दुरुस्त्या किती वेळा फुकट? वादकांचं मानधन कुणाकडे? 18 टक्के जीएसटी धरून की वरून? आणि स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याची सुटी फाइल, देणार का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि पुढे एका ओळीच्या दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे मोजतात. सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर हातात पडल्या, की मगच शेवटचा हप्ता द्या.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. गाणं तयार झालं की हक्क तुमचाच असतो. वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्दांचे 500 रुपये, चालीचे 500, ध्वनिमुद्रणाचे 2000. तिन्ही नोंदवली तर सरकारी शुल्क 3000. अर्ज ऑनलाइन, नमुना 14. सोबत गाण्याची प्रत आणि गीतकार किंवा संगीतकार दुसरा असेल तर त्याचं ना हरकत पत्र. आक्षेपांसाठी 30 दिवस थांबावंच लागतं, त्यामुळे ‘आठवड्यात सर्टिफिकेट’ सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

गाणं अ‍ॅपवर चढवायला डिस्ट्रिब्यूटर लागतो. राउटनोटच्या मोफत योजनेत ते कमाईतले 15 टक्के ठेवतात. सीडी बेबी एकदाच शुल्क घेतं आणि वर 9 टक्के कापतं. डिस्ट्रोकिड कमिशन घेत नाही, पण वर्षाची वर्गणी थांबली की गाणं उतरतं. ते कायम ठेवायचं तर वेगळे पैसे. खरा छुपा खर्च इथेच आहे, म्हणून पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, पाच वर्षांचा हिशेब करा. पॅन आणि बँकेचा तपशील तयार ठेवा. परदेशी कंपनी डब्ल्यू-8बेन हा कर-अर्ज मागेल. तो भरला नाही तर अमेरिकेतल्या कमाईतून 30 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

कमाईची आशा बेतानं ठेवा. स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा तर 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास पाहणं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज) लागतं. नेमका याच आकड्यांचा धाक घालून ‘एक लाख स्ट्रीम’ विकणारे फोन करतात. घेऊ नका. खोटे स्ट्रीम पकडले गेले की रॉयल्टी अडते, डिस्ट्रिब्यूटरला दंड बसतो, तो तुमच्याकडून वसूल होतो आणि गाणंही उतरू शकतं. मेहनतीनं बांधलेलं गाणं असं बाद झालेलं बघवत नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं तुम्ही स्वतः, फुकट पाठवू शकता. प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी पाठवा.

जुनं भावगीत गायचं असेल तर कराओके ट्रॅकही कुणाच्या तरी मालकीचा असतो हे लक्षात ठेवा. यूट्यूबवर दावा आला की जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात. 90 दिवसांत तीन स्ट्राइक, तर चॅनलच बंद होऊ शकतं.

म्युझिक कंपनीनं करार पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही; तसं कलम दिसलं तर खोडायला सांगा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आधी शोधा. सापडले, तर कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा.