एक प्रत दूर ठेवावी

आहुपे खोऱ्यात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. म्हणून घराघरांत महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवण्याची रीत आहे. शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जातीचा दाखला ही आपल्या समाजाच्या दृष्टीने नुसती कागदे नव्हेत. तो हक्काचा पुरावा आहे. आजोबांची शाळेतील नोंद न सापडल्यामुळे जात पडताळणीत नातवाची किती धावपळ होते, हे आपण पाहत आलो आहोत.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी याच परिसरातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. गेलेल्या माणसाची भरपाई कशानेच होत नाही. परंतु गाडला गेलेला कागद पुन्हा मिळू शकतो. अट एकच, त्याची दुसरी प्रत अन्यत्र असली पाहिजे.

आज पेटीची जागा संगणकाने आणि मोबाईलने घेतली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही वसतिगृहाची जुनी रजिस्टरे व छायाचित्रे संगणकावर घेतली. दोन उन्हाळी सुट्या त्यात गेल्या. एके दिवशी हार्डडिस्क बंद पडली. रजिस्टरे कपाटात होती, ती पुन्हा उतरविता आली. छायाचित्रे मात्र ज्यांची त्यांना परत दिलेली होती आणि त्यांतील कित्येक पुढे ओलीने खराब झाली. त्या मुलांचे चेहरे आज या स्मरणिकेत नाहीत. दोष यंत्राचा नव्हे, आमचा. इतिहास शिकविणाऱ्याने तरी ही चूक करावयास नको होती.

कारण इतिहासाने हा धडा केव्हाच दिला आहे. सम्राट अशोकाने आपले चौदा शिलालेख एकाच खडकावर कोरून समाधान मानले नाही. गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा दूरदूरच्या ठिकाणी त्याने ते कोरविले. आपल्या सोपाऱ्यास १८८२ साली आठव्या लेखाचा आणि १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा सापडला. बाकीचे लेख तेथे मिळाले नाहीत. तरीही सम्राट शिकारीच्या सहली सोडून संबोधीच्या स्थानी गेला, हा आठव्या लेखातील मजकूर आपण संपूर्ण वाचू शकतो. कारण त्याची प्रत गिरनारला शाबूत आहे. सोपाऱ्याची शिळा फुटली, धम्माचा शब्द फुटला नाही.

अलीकडचे उदाहरण घ्या. जून २०१७ मध्ये एका घातक संगणक-विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीच्या मुख्य नोंदींच्या प्रती अनेक सर्व्हरवर होत्या. पण त्या सतत एकमेकांशी जोडलेल्या असल्याने एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती केवळ आफ्रिकेतील घाना येथील एक प्रत, कारण त्या वेळी तेथील वीज गेलेली होती! जोडलेली प्रत ही खरी राखीव प्रत नव्हे, हा त्याचा अर्थ. मोबाईलमधून पुसलेले छायाचित्र त्याच्याशी जुळविलेल्या ऑनलाईन खात्यातूनही पुसले जाते, ते याच कारणाने.

यावर जाणकारांचा नियम सोपा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. संगणकातील मूळ माहिती ही पहिली प्रत. दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवावी. तिसरी ऑनलाईन ठेवावी. आपल्याकडे रेंज अपुरी असल्यास दुसरी डिस्क घोडेगाव किंवा मंचरच्या नातलगाकडे ठेवावी. दुकान, दूधसंकलन वा झेरॉक्स सेंटर चालविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी उधारीची व हिशेबाची फाईल रोज उतरवून घ्यावी. ती गेली तर येणे कोणाकडे किती, हेच सांगता येणार नाही. खाजगी कागद असलेल्या डिस्कला पासवर्ड घालावा आणि तो घरातील एका विश्वासू माणसास ठाऊक असावा.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. घेतलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे रिकामी पेटी.

दर पौर्णिमेस आपण वंदनेसाठी एकत्र येतो. त्याच दिवशी घरातील एकाने प्रत घेण्याचे काम उरकावे, म्हणजे तिथी वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही. आणि ज्यांच्याकडे वसतिगृहातील जुनी छायाचित्रे अजून असतील, त्यांनी त्यांची एक प्रत शाळेस द्यावी, ही आमची विनंती. या वेळी आम्ही ती तीन ठिकाणी ठेवू.