486चा मदरबोर्ड: दुरुस्ती की सुटे भाग?

प्रश्न : वडिलांच्या दुकानातला 486 संगणक माळ्यावर सापडला. मदरबोर्डवर हिरवट थर आहे. दुरुस्त करावा की सुटे भाग काढावेत? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी वीज देणं थांबवा. तो थर बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळच्या 3.6 व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीतून गळालेला आहे. ती आजच कापून काढा. मात्र घंटागाडीत टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. गळालेला द्राव अल्कधर्मी असतो, म्हणून पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकवा. (मे महिन्यातल्या नागपुरात सुकवायची चिंता नको!)

नंतर मल्टिमीटरवर कंटिन्युइटी पाहा. वरच्या चार-दोन रेघा तुटल्या असतील तर बारीक तारेने जोडता येतात. बर्डीतला मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीरही ते करील. आतल्या थरांपर्यंत गंज गेला असेल, तर माझ्या मते हट्ट सोडावा. प्रोसेसर, रॅम, कॅश आणि बायॉसच्या चिपा काढून अँटीस्टॅटिक पिशवीत ठेवा. बायॉसच्या चिपेवरचं स्टिकर मात्र सोलू नका. खाली काचेची खिडकी असेल, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला प्रोग्राम हळूहळू पुसला जातो.

बोर्ड वाचलाच, तर जुन्या बॅटरीच्या जागी थेट सीआर2032 जोडू नका. ती चार्ज होणारी नसते, मध्ये डायोड हवाच.