‘सेड’नंतर ‘हॅड’ कधी हवा?

प्रश्न : बारावीतल्या मुलीला इनडायरेक्ट स्पीच शिकवताना मी साध्या भूतकाळाचा सरसकट पूर्ण भूतकाळ करायला सांगते. इंग्रजी वर्तमानपत्रात मात्र ‘सेड’नंतर साधा भूतकाळच दिसतो. बरोबर काय?

उत्तर : ताई, दोन्ही बरोबर, पण कुठे काय हे अर्थ ठरवतो. ‘रमेश सेड ही लिव्ह्ड इन नागपूर’ हे वाक्य घ्या. वाचणारा समजेल, रमेश बोलला तेव्हा तो नागपुरातच राहत होता, कारण ‘आय लिव्ह’चंच इथे ‘लिव्ह्ड’ झालेलं असतं. त्याला ‘पूर्वी राहायचो’ म्हणायचं असेल, तर ‘हॅड लिव्ह्ड’च लिहायला हवं. राहणं, आवडणं, असणं, ओळखणं अशी स्थिती सांगणारी क्रियापदं आली की मुलीला इथे थांबून विचार करायला लावा. खरा घोटाळा इथेच होतो.

‘शी सेड शी बॉट द सारी ऑन मंडे’ यात तो प्रश्न येत नाही. खरेदी एकदाच झाली, वारही दिलाय. ती बोलण्याआधीची हे उघड आहे. ‘हॅड बॉट’ चालेल, पण अडून बसू नका. ‘सर सेड महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड इन 1960’ यात तर साधा भूतकाळच शोभतो. ‘व्हेन’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यातलं क्रियापदही बहुधा तसंच राहू द्यावं : ‘ही सेड ही वॉज कुकिंग व्हेन द लाइट्स वेंट आउट.’ तिथे ‘हॅड’ची रांग लावली की वाक्य अडखळतं.

परीक्षेत मात्र रूपांतर करायला सांगितलं असेल, तर तिने ‘हॅड’च लिहावं. तपासणाऱ्याची तीच अपेक्षा असते.