वेबसाइटवर आपला स्वतःचा पहारा

दुकानाचे शटर अवेळी खाली दिसले तर शेजारचा दुकानदार फोन करतो. वेबसाइट बंद पडली तर कोणी करीत नाही. गिऱ्हाईक दोनदा प्रयत्न करते आणि दुसऱ्या पेढीकडे वळते. आमच्या ओळखीच्या एका घाऊक कापड व्यापाऱ्याची वेबसाइट ऐन रमजानपूर्वीच्या खरेदीत शुक्रवारी रात्री बंद पडली. मालकाला खबर लागली रविवारी दुपारी, तीही एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मेहेरबानीने. सर्व्हरवाल्याचे उत्तर आले, "आमच्या नोंदीत तसे दिसत नाही." व्यापाऱ्याकडे स्वतःची नोंद नव्हती, त्यामुळे भांडण तिथेच संपले.

कापडाच्या ताग्यावर छापलेले मीटर आम्ही मान्य करीत नाही, मोजून घेतो. मग इथे दुसऱ्याच्या आकड्यावर भरवसा का? '९९ टक्के वेळ चालू' हे ऐकायला बरे वाटते. हिशेब केला तर तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे होतात. ९९.९ टक्के म्हटले तर सुमारे ४३ मिनिटे.

हे मोजण्यासाठी 'अपटाइम कुमा' नावाचा प्रोग्राम आहे. लुई लॅम या प्रोग्रामरने तो २०२१ साली सर्वांसाठी खुला केला. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याची घडण कोणालाही पाहता येते, फी नाही, आणि तो आपल्याच यंत्रावर बसवायचा असतो. वेगळे सांगितले नाही तर दर ६० सेकंदांनी तो वेबसाइटला हाक मारतो, उत्तर नाही आले तर टेलिग्राम किंवा ईमेलवर खबर देतो, आणि सगळे टिपून ठेवतो. डॉकर जाणणाऱ्या मुलाला बसवायला फार वेळ लागत नाही. पहिल्यांदा उघडताच मालकाचे नाव व पासवर्ड मागतो. ते तिथल्या तिथे भरावे. उशीर केला आणि दुसऱ्या कोणी आधी भरले तर मालक तोच.

खरी अक्कल लागते तो कुठे बसवायचा यात. वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे तिथेच बसवला तर सर्व्हरबरोबर पहारेकरीही झोपतो. दुकानातला जुना संगणकही कामाचा नाही, वीज गेली की पहारा संपला. दुसऱ्या कंपनीचा छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा. प्रोग्राम फुकट असला तरी हे भाडे धरूनच चालावे.

दुसरे असे की, नुसते उत्तर येणे पुरेसे नाही. कधी कधी पान उघडते पण कोरे असते, आणि पहारेकरी 'ठीक आहे' म्हणतो. यासाठी शब्द तपासण्याची सोय आहे. पानावर 'दरपत्रक' हा शब्द सापडला तरच चालू समजावे, असे सांगता येते. एक हाक चुकली की लगेच ओरडू नये, दोन-तीनदा पुन्हा पाहावे, हेही ठरवून द्यावे. रोज खोटी ओरड झाली की माणूस फोन बघणे सोडतो.

आम्हाला सर्वांत उपयोगी वाटली ती उलटी सोय. रात्री हिशेबाच्या वह्यांची प्रत निघाली की संगणकाने स्वतः पहारेकऱ्याला 'झाले' असे कळवायचे. ठरल्या वेळेत निरोप आला नाही तर खबर मालकाला. प्रत निघत नाही हे सहसा कळते ते मूळ वही गेल्यावर. त्याआधीच कळावे याचा हा इंतजाम.

वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपत आली की २१, १४ आणि ७ दिवस आधी हा प्रोग्राम आठवण देतो. ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत असून, २०२५ साली ठरल्याप्रमाणे मार्च २०२९ पासून ती जास्तीत जास्त ४७ दिवसांची राहील. तेव्हा हे काम वहीत लिहून भागणारे नाही.

बंद पडलेली वेबसाइट हा प्रोग्राम दुरुस्त करीत नाही. म्हणून खबर मालकाबरोबर दुरुस्ती करणाऱ्याच्या फोनवरही जाईल, आणि रात्री कोणी उठायचे, हे हंगामाआधी बोलून घ्यावे. नोंदी 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. त्याची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या जागी ठेवावी.