चांदणी, गव्हाणी, मेणबत्ती : मुलांसोबत नाताळच्या बाजारात

डिसेंबरच्या सुट्टीत तलमडुगूकडच्या गावी गेलं की धाकटी भावंडं, भाचरं "बाजाराले नेता का?" म्हणून मागे लागतात. त्यांना जरूर न्या. हीच फेरी मराठीचा एक चांगला तास होऊ शकते.

या तासाची गरज आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. तलमडुगूचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. मराठी मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते. आपल्याकडची बरीच मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी शिकतात. आजीने वाचलेलं मराठी पवित्र शास्त्र त्यांना ऐकून समजतं, पण स्वतः वाचता येत नाही. आजी थकली की घरातलं वाचन थांबतं.

१. निघण्याआधी : यादी

यादी मुलांच्याच हाताने, देवनागरीत लिहून घ्या : मेणबत्त्या, रंगीत कागद, सुतळी, गूळ, काजू. चुका झाल्या तर लगेच खोडू नका. दुकानात तीच यादी मुलाने मोठ्याने वाचायची. वाचलं तर वस्तू मिळते, हे कळलं की अक्षरं पटकन बसतात.

२. बाजारात : शब्दांची फोड

जर्मनीत ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४ पासून भरतो. आपल्याकडे केसलापूरला पौषात नागोबाची जत्रा भरते, तिथेही पूजेभोवती दुकानं लागतात. सण आणि बाजार यांची सोबत जुनी आहे, हे मुलांना या ओळखीच्या उदाहरणावरून सांगा.

मग वस्तू दाखवून दोन्ही भाषांतले शब्द विचारा.

मेणबत्ती : मेण आणि बत्ती. तेलुगूत कोव्वोत्ति, म्हणजे कोव्वु (चरबी) आणि वत्ति (वात). एकाच वस्तूला एका भाषेने मेणावरून नाव दिलं, दुसरीने चरबीवरून.

चांदणी : तेलुगूत कोणताही तारा म्हणजे नक्षत्रम्. मराठीत नक्षत्र म्हटलं की अश्विनी, भरणी, मृग आठवतात. शब्द तोच, अर्थ थोडा सरकलेला.

नाताळ : पोर्तुगीज शब्द, अर्थ जन्माचा सण. पाव, काजू, फीत हेही त्याच वाटेने मराठीत आले.

गव्हाणी : मराठी शास्त्रात बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं आहे, तेलुगूत 'पशुवुल तोट्टि'मध्ये. शहरातल्या मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे ज्याच्या घरी बैलजोडी आहे, तो पोरगा रोज गव्हाणीत कडबा टाकतो. तसंच देखाव्यातल्या बर्फाचं. तो कापसाचा करतात, आणि डिसेंबरात आपल्या घरात कापूसच पडलेला असतो. पाकिटातला विकत घेऊ नका.

३. पैशाची गोष्ट

बाजारात दिव्यांची मोठी चांदणी दिसते आणि मूल अडून बसतं, "मले तेच पाहिजे." अशा वेळी "ती चांगली नाही" असं खोटं सांगू नये. ती चांगली आहे, पण तेवढे पैसे नाहीत. कापसाचे पैसे यायचे असतात, दुकानाची उधारी द्यायची असते. हे साध्या शब्दांत सांगितलं तर मुलाला कळतं. निघतानाच रक्कम सांगा आणि त्यातले थोडे पैसे त्याच्या हातात द्या. काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या.

चांदणी घरी करता येते. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाच बांधून दोन पंचकोनी चांदण्या करा. त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांधा. आतल्या पाच छेदांजवळ वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवा, म्हणजे पोट फुगतं. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवा. आत छोटा बल्ब लावा, मेणबत्ती नको, कागद पेटेल. जर्मनीतल्या मोरेव्हियन मंडळीच्या शाळेत १९ व्या शतकात कागदी तारा मुलांना भूमिती शिकवताना तयार झाला, आणि पुढे जगभर गेला. म्हणजे तो तारा मुळात शाळेतलाच.

४. घरी आल्यावर : वाचन

लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा आणि 'गव्हाणी' शब्द मुलाला शोधू द्या. नंतर मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात तारा शोधा. मागी किती होते, हे मत्तय सांगत नाही. सोनं, ऊद, गंधरस या तीन भेटींवरून लोकांनी तीन धरले. मुलांना असं शोधायला आवडतं.

ही कथा आपल्या भाषेत सांगायची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीत. 'फुलामुलांचे कवी' रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ती भजन-कीर्तनातून सांगितली. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही. सुट्टी संपेपर्यंत एका मुलाला सात ओव्या नव्हे, सात वचनं वाचता आली तरी पुरे.

स्वाध्याय

१) बाजारातले दहा शब्द मराठी आणि तेलुगूत लिहा. कोणते सारखे आहेत?
२) घरातल्या वडीलधाऱ्यांना गव्हाणीचे भाग आणि त्यांची नावं विचारून लिहा.
३) लूक २ : १–७ एका लहान मुलाकडून वाचून घ्या. तो कुठे अडला, ते शब्द पुढच्या बैठकीला घेऊन या.